पेरणारा एक, पाणी घालणारा दुसरा



एका धर्मग्रामाचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये खेळला, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. परंतु ही गोष्ट खरी आहे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात ऑलिम्पिक सामने भरले होते. फुटबॉलसाठी तीनच संघ आले. एक कॅनडातील गॉल्ट गावाचा, दुसरा ख्रिश्चन ब्रदर्स महाविद्यालयाचा आणि तिसरा सेंट रोझ नावाच्या धर्मग्रामाचा. गॉल्टचा संघ पहिला आला आणि सेंट रोझची मुले तिसरी आली. तीन संघांत तिसरे येण्यात मोठेपणा तो काय, असे कोणी म्हणेल. पण मला त्या क्रमांकाशी कर्तव्य नाही. ज्या धर्मग्रामाच्या अंगणात मुले चेंडू खेळत होती, त्याच अंगणातून ती जगाच्या स्पर्धेत जाऊन उभी राहिली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आज मी तुम्हांला याच शहरातील एका फुटबॉल प्रशिक्षकाची गोष्ट सांगणार आहे. त्यांचे नाव हॅरी किओ. सेंट लुईस विद्यापीठाच्या मुलांच्या संघाला त्यांनी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. यशस्वी माणसाची गोष्ट सांगून ‘तुम्हीही असेच यशस्वी व्हा’ असा उपदेश करण्याचा माझा हेतू नाही. असे उपदेश आपण पुष्कळ ऐकतो आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो. मला तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आहे. माणसाच्या हाती चषक येतो, तेव्हा त्या चषकामागे किती जणांचे हात असतात?

आधी त्या शहराविषयी दोन शब्द. सेंट लुईस हे मिसिसिपी नदीकाठचे शहर. फ्रान्सचा राजा संत लुई नववा याच्या नावावरून त्याचे नाव पडले. आयर्लंड, जर्मनी, इटली, स्पेन अशा देशांतून पोटासाठी आलेली कुटुंबे तेथे स्थायिक झाली. परक्या देशात त्यांना आपलेसे वाटणारे एक ठिकाण होते, ते म्हणजे त्यांचे चर्च. चर्चशेजारी शाळा आणि शाळेशेजारी मोकळी जागा असे. मोठ्यांसाठी मिस्सा आणि मुलांसाठी चेंडू, असे तेथील रविवारचे चित्र होते. शहरात ‘द हिल’ नावाची इटालियन लोकांची वस्ती आहे. तेथील संत अँब्रोज चर्चभोवतीच्या गल्ल्यांत वाढलेली मुले पुढे देशाच्या संघात खेळली. पुढे धर्मप्रांताच्या कॅथॉलिक युवक मंडळाने धर्मग्रामांच्या संघांचे रीतसर सामने सुरू केले. एका धर्मग्रामाची मुले दुसऱ्या धर्मग्रामाच्या मुलांशी खेळू लागली. त्यांना शिकवणारे कोण होते? कोणाचे वडील, कोणाचे काका, शाळेतील एखादे गुरुजी, एखादे तरुण धर्मगुरू. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात सापडणार नाहीत.

या युवक मंडळात फुटबॉलचे काम पाहणारे एक गृहस्थ होते, बॉब गेल्कर. सेंट लुईस विद्यापीठ हे येशूसंघीय धर्मगुरूंचे विद्यापीठ. तेथे फुटबॉलचा संघ नव्हता. तो गेल्कर यांनी उभा केला. परदेशातून नावाजलेले खेळाडू आणण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. धर्मग्रामांच्या मैदानांवर घडलेली गावचीच मुले त्यांनी गोळा केली. १९५९ साली अमेरिकेतील विद्यापीठांची पहिली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात सेंट लुईसने ब्रिजपोर्टला ५-२ असे हरवले. पहिल्याच वर्षी अजिंक्यपद! त्यानंतर १९६०, १९६२, १९६३ आणि १९६५ या वर्षीही तेच विजेते ठरले. १९६७ साली गेल्कर दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि त्यांच्या जागी हॅरी किओ आले.

हे हॅरी किओ कोण होते? त्यासाठी आपल्याला सतरा वर्षे मागे जावे लागेल.

१९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा भरली. अमेरिकेनेही संघ पाठवला. त्या संघातील माणसे फुटबॉलवर पोट भरणारी नव्हती. गोलरक्षक फ्रँक बोर्गी शववाहिका चालवत असे. वॉल्टर बार शाळेत शिकवत असे. हैतीहून आलेला जो गेटजेन्स न्यूयॉर्कमध्ये शिकता शिकता एका खाणावळीत भांडी घासत असे. आणि उजव्या बाजूचा बचाव सांभाळणारा बावीस वर्षांचा हॅरी किओ टपाल खात्यात होता. म्हणजे आपला पोस्टमन! संघातील पाच जण एकट्या सेंट लुईस शहराचे होते.

२९ जून १९५० रोजी बेलो होरिझोंते या शहरात त्यांची गाठ इंग्लंडशी पडली. ज्या देशाने जगाला फुटबॉल शिकवला त्या देशाच्या संघापुढे पोस्टमन, शिक्षक आणि शववाहिकेचा चालक उभे होते. पहिल्या अर्ध्या भागात बारने मारलेल्या चेंडूला गेटजेन्सने डोके लावले आणि गोल झाला. पुढे इंग्लंडने जंग जंग पछाडले, पण बोर्गीने चेंडू आत जाऊ दिला नाही. अमेरिका १-० अशी जिंकली. ब्राझीलच्या प्रेक्षकांनी गेटजेन्सला खांद्यावर उचलून घेतले.

या संघाची आणखी एक गोष्ट मला फार भावली. वॉल्टर बार हा त्यांचा नेहमीचा कर्णधार. परंतु स्पेनविरुद्धच्या सामन्यात कर्णधारपद किओला दिले, कारण त्याला स्पॅनिश बोलता येत होते. इंग्लंडविरुद्ध ते मॅकइल्व्हेनी या मूळच्या स्कॉटलंडच्या खेळाडूला दिले. आणि नेहमीचा कर्णधार बार? तो आपल्या जागी खेळत राहिला, आणि त्याच्याच चेंडूवर तो ऐतिहासिक गोल झाला. बंधुभगिनींनो, आपल्या मंडळांत, आपल्या संघटनांत अध्यक्षपद एका वर्षासाठी दुसऱ्याला देताना आपल्या पोटात किती कालवते, हे आपले आपल्यालाच ठाऊक!

एवढा पराक्रम करून हे वीर मायदेशी परतले. तेव्हा मिरवणुका निघाल्या असतील असे तुम्हांला वाटेल. तसे काही झाले नाही. अमेरिकेत त्या काळी फुटबॉलकडे कोणाचे लक्ष नव्हते. विश्वचषकाला तेथला एकच वार्ताहर गेला होता, तोही सेंट लुईसचा. खेळाडू घरी आले आणि कामाला लागले. या संघाचा देशाच्या फुटबॉल कीर्तिमंदिरात समावेश झाला तो १९७६ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी.

आणि पराभवही आला. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये किओ ज्या संघात होते, तो इटलीकडून ८-० असा हरला. १९५६ मध्ये युगोस्लाव्हियाने त्यांना ९-१ असे हरवले. इंग्लंडला नमवणारा माणूस तोच होता आणि आठ-नऊ गोलांनी हरलेल्या संघातही तोच होता. अशा वेळी पुष्कळ जण खेळ सोडतात. आपणही सोडतो. एखादा सण उत्तम पार पडला की आपण पुढे असतो आणि एखादा उपक्रम फसला की पुढच्या सभेला येत नाही. किओ मात्र मैदानावर येत राहिले.

असा हा माणूस १९६७ साली सेंट लुईस विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. आता त्यांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. आधीच्या प्रशिक्षकाने पाच अजिंक्यपदे मिळवलेली. तुम्ही जिंकलात तर लोक म्हणणार, ‘ही तर गेल्करांची पुण्याई.’ हरलात तर म्हणणार, ‘याने सोन्यासारखा संघ बुडवला.’ अशा वेळी माणसाला मोह होतो की जुने सारे मोडावे, आपली नवी मोट बांधावी आणि आपले नाव कोरून घ्यावे. किओ यांनी तसे केले नाही. गेल्कर यांनी ज्या शेतात पेरले होते त्याच शेताला त्यांनी पाणी घातले. तीच शहरातली मुले आणि तीच धर्मग्रामांची मैदाने.

त्यांचे पहिलेच अजिंक्यपद अर्धे होते. १९६७ चा अंतिम सामना खराब हवामानामुळे ०-० असा असतानाच थांबवावा लागला. सेंट लुईस आणि मिशिगन स्टेट यांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. त्यानंतर १९६९ साली सेंट लुईसने सॅन फ्रान्सिस्कोला ४-० असे हरवले. १९७०, १९७२ आणि १९७३ या तिन्ही वर्षी अंतिम सामन्यात समोर लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ होते आणि तिन्ही वेळा सेंट लुईसच जिंकले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला अल ट्रॉस्ट हा सेंट लुईसचाच मुलगा १९६९ आणि १९७० अशी दोन वर्षे देशातील सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडू ठरला. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला तो अमेरिकेकडून खेळला. त्या ऑलिम्पिक संघाचे प्रशिक्षक कोण होते ठाऊक आहे? बॉब गेल्कर! एकाने पेरलेले, दुसऱ्याने वाढवलेले रोप पुन्हा पहिल्याच्या हाती आले.

संत पौलाने करिंथ येथील भाविकांना नेमके हेच समजावले होते. त्या लोकांत तट पडले होते. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोचा. पौल त्यांना सांगतो की मी लावणी केली, अपुल्लोने पाणी घातले, पण वाढवणारा देव आहे. लावणारा काही नाही आणि पाणी घालणाराही काही नाही. आम्ही दोघेही एकाच धन्याचे मजूर. प्रभू येशूनेही शोमरोनातील विहिरीजवळ शिष्यांना सांगितले होते की ज्यासाठी तुम्ही कष्ट केले नाहीत ते कापायला मी तुम्हांला पाठवले आहे. कष्ट दुसऱ्यांनी केले आणि तुम्ही त्यांच्या कष्टांत वाटेकरी झालात. प्रिय भाविकहो, या वचनांत मोठे सांत्वन आहे आणि मोठा दणकाही आहे. सांत्वन याचे, की मी पेरलेले माझ्या हयातीत उगवले नाही तरी ते वाया जाणार नाही. आणि दणका याचा, की मी आज जे कापतो आहे ते माझे नाही.

किओ यांच्या पराभवांविषयीही सांगितले पाहिजे, नाहीतर गोष्ट अपुरी राहील. १९७१ च्या अंतिम सामन्यात हॉवर्ड विद्यापीठाने सेंट लुईसला ३-२ असे हरवले. हॉवर्ड हे वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. त्यांच्या संघात कॅरिबियन बेटांतून आणि आफ्रिकेतून आलेली मुले होती आणि प्रशिक्षक होते त्रिनिदादचे लिंकन फिलिप्स. पुढे खेळाडूंच्या पात्रतेच्या नियमांवर बोट ठेवून हॉवर्डचे अजिंक्यपद काढून घेण्यात आले. आपल्यावर अन्याय झाला, असे हॉवर्डच्या लोकांना वाटले. मात्र काढून घेतलेले ते पद सेंट लुईसला दिले गेले नाही. त्या वर्षीची जागा रिकामीच राहिली. १९७४ साली हेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात भेटले, तेही सेंट लुईस शहरात. चार वेळा जादा वेळ खेळवावा लागला आणि हॉवर्डने २-१ असा विजय मिळवला. संपूर्ण हंगामात ते एकदाही हरले नव्हते.

सेंट लुईसच्या लोकांना ते किती झोंबले असेल! आपल्या अंगणात आपल्या मुलांचा पराभव! परंतु येथे आपण थोडे थांबू या. देव वाढवतो याचा अर्थ देव नेहमी आपल्यालाच जिंकून देतो, असा आपण करून घेतला आहे. परीक्षेपूर्वी आपण मेणबत्ती लावतो, ती शेजाऱ्याचा मुलगा मागे राहावा म्हणून नव्हे ना? देवाचे शेत आपल्या बांधापाशी संपत नाही. त्रिनिदादच्या वाळूवर ज्यांनी अनवाणी मुलांना चेंडू मारायला शिकवले, तेही पेरणारेच होते. त्यांच्याही पिकाला ऊन-पाऊस देणारा तोच पिता होता.

किओ १९८२ पर्यंत या पदावर राहिले. त्यांचा मुलगा टाय हाही त्यांच्याच हाताखाली विद्यापीठाकडून खेळला, पुढे देशाच्या संघात गेला आणि नंतर स्वतः विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, हॅरी किओ प्रभूच्या भेटीस गेले. गेल्कर यांची पाच आणि किओ यांची पाच अशी सेंट लुईस विद्यापीठाची दहा अजिंक्यपदे झाली. आजवर दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाला तो आकडा गाठता आलेला नाही. पण आणखी एक गोष्ट तितकीच खरी आहे. १९७३ नंतर सेंट लुईसलाही अकरावे अजिंक्यपद मिळालेले नाही.

असे का झाले? एक कारण सरळ आहे. फुटबॉल देशभर पसरला, इतर विद्यापीठे पुढे आली. हे चांगलेच झाले. परंतु शहरही बदलले. १९५० साली सेंट लुईसमध्ये साडेआठ लाखांहून अधिक लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत ते जेमतेम तीन लाख उरले. लोक उपनगरांत गेले. धर्मग्रामे रोडावली, कित्येक शाळा बंद पडल्या. २०२३ साली तेथील धर्मप्रांताला अनेक धर्मग्रामे एकमेकांत विलीन करावी लागली. चषक आजही विद्यापीठाच्या कपाटात आहेत, पण ज्या अंगणांतून ते आले त्यांतील कित्येक अंगणे आज ओस आहेत.

बंधुभगिनींनो, हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपले चर्च येते. आपल्या वाडवडिलांनी दिवसभर शेतात, वाडीत राबून संध्याकाळी येथे श्रमदान केले, दगड वाहिले, मुलांना प्रार्थना शिकवल्या, गाणी शिकवली. त्या पेरणीचे पीक आपण खात आहोत. आपली मुले शिकली, मोठ्या पदांवर गेली, परदेशी गेली. आपण त्यांचे सत्कार करतो आणि ते योग्यच आहे. पण प्रश्न असा आहे की आज पेरतो आहे कोण? धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिक्षक हवे आहेत, असे वेदीवरून सांगितले की सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे वळतात. ‘फादर, नोकरी असते, गाडीची दगदग असते, वेळ कुठला?’ दगदग असते हे मी नाकारत नाही. मी तुम्हांला फक्त त्या पोस्टमनची, त्या शिक्षकाची, त्या शववाहिकेच्या चालकाची आठवण करून देतो. त्यांनाही नोकरी होती.

तुमच्याकडून अजिंक्यपदांची अपेक्षा नाही. आठवड्यातील एक तास पुरे. ज्याला चेंडू मारता येतो त्याने शेजारच्या चार मुलांना मैदानावर न्यावे. ज्याला वाचता येते त्याने मुलांना शुभवर्तमानातील गोष्टी वाचून दाखवाव्यात. ज्या आजीआजोबांना काहीच जमत नाही असे वाटते, त्यांनी मैदानाच्या कडेला बसून खेळणाऱ्या मुलांवर नजर ठेवावी आणि हरून आलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा. आईवडिलांनो, तुमचा मुलगा खेळून घरी आला की ‘जिंकलास का?’ हा प्रश्न जरा उशिरा विचारा. आधी विचारा, ‘कोणाबरोबर खेळलास? कोणाला चेंडू दिलास?’

पोस्टमन दारोदार पत्रे पोहोचवतो. पत्र त्याने लिहिलेले नसते आणि उत्तरही त्याच्या नावे येत नाही. तरी त्याच्यावाचून ते पत्र पोहोचत नाही. आपल्या सर्वांच्या पिशवीत प्रभूने कोणासाठी तरी काहीतरी ठेवलेले आहे. ते मुक्कामी पोहोचवू या.

चला, प्रार्थना करू या.

हे प्रभो, ज्यांनी आमच्यासाठी पेरले आणि ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत, त्यांना तुझ्या घरी विसावा दे. आम्ही दुसऱ्यांच्या कष्टांवर उभे आहोत याचा आम्हांला विसर पडू देऊ नकोस. विजयात आम्हांला नम्र ठेव, पराभवात मैदान सोडू देऊ नकोस. आमच्या मुलांसाठी आमची संध्याकाळ मोकळी कर, आणि आम्ही लावलेल्या रोपाला तुझ्या इच्छेप्रमाणे, तुझ्या वेळी वाढ दे. आमेन.